जुळणीची कसोटी : बॉम्बे रक्तगटाचा शोध आणि त्यामागची परंपरा

रुग्णाला रक्त देण्यापूर्वी रक्तपेढीत दोन निराळ्या प्रकारच्या तपासण्या होतात आणि त्यांच्यातील फरक सहसा कोणी लक्षात घेत नाही. पहिली तपासणी रक्ताचे वर्गीकरण करते, म्हणजे रक्त ए, बी, एबी की ओ गटाचे हे ठरवते. दुसरी तपासणी, जिला रक्तपेढीच्या व्यवहारात ‘क्रॉसमॅच’ म्हणतात, ती कोणत्याही गटाचे नाव न घेता या दात्याचे रक्त या रुग्णाला चालेल की नाही, एवढाच प्रश्न प्रत्यक्ष दोन रक्तांसमोर ठेवते. बहुतेक वेळा दोन्ही तपासण्यांची उत्तरे एकमेकांशी जुळत असल्याने दुसरी तपासणी ही पहिलीची केवळ खातरजमा आहे असा समज होतो. 1952 साली मुंबईतील तीन व्यक्तींच्या रक्ताने हा समज खोटा ठरवला आणि त्यातून ‘बॉम्बे रक्तगट’ या नावाने जगभर ओळखली जाणारी दुर्मिळ अवस्था वैद्यकाला कळली. या शोधाचा इतिहास पाहिला म्हणजे निदानाच्या चाचण्यांची शक्ती कशात असते आणि त्यांची मर्यादा कोठे सुरू होते, हे दोन्ही स्पष्ट होते.

एका माणसाचे रक्त दुसऱ्याच्या शरीरात घालण्याचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी युरोपात सुरू झाले. लंडनच्या जेम्स ब्लंडेल या प्रसूतितज्ज्ञाने बाळंतपणातील रक्तस्रावाने मरणाऱ्या स्त्रियांना वाचवण्यासाठी माणसाचेच रक्त वापरावे असा आग्रह धरला आणि 1818 पासून तसे प्रयोग केले. काही रुग्ण वाचले, तर काहींना थंडी वाजून ताप भरला, लघवी काळपट झाली आणि ते दगावले. हा फरक का पडतो याचे उत्तर त्या काळी कोणापाशी नव्हते. 1875 साली जर्मनीतील लेओनार्ड लांडोआ याने एका प्राण्याच्या तांबड्या पेशी दुसऱ्या जातीच्या प्राण्याच्या रक्तरसात मिसळल्यास त्यांचे पुंजके होतात किंवा त्या फुटतात हे दाखवले. रक्तरस म्हणजे रक्त गोठल्यानंतर वर उरणारा पिवळसर पातळ भाग. पुंजके होण्याच्या क्रियेला समूहन आणि पेशी फुटण्याला रक्तविलयन म्हणतात. फुटलेल्या पेशींतील हिमोग्लोबिन मूत्रपिंडातून बाहेर पडू लागते, म्हणूनच लघवी काळपट होते.

माणसामाणसांच्या रक्तातही असे समूहन कधी कधी दिसते हे शतकाच्या अखेरीस लक्षात आले होते, परंतु ते आजाराचे लक्षण असावे असे काही वैद्यांना वाटत होते. व्हिएन्नातील कार्ल लांडश्टायनर याने निरोगी माणसांचे, म्हणजे स्वतःचे आणि प्रयोगशाळेतील सहकाऱ्यांचे रक्त घेतले, पेशी आणि रक्तरस वेगळे केले आणि प्रत्येकाच्या पेशी दुसऱ्या प्रत्येकाच्या रक्तरसाशी मिसळून निष्कर्षांचा तक्ता मांडला. या तक्त्यातून 1901 साली त्याने रक्ताचे तीन गट सांगितले: ए, बी आणि सी, ज्याला पुढे ओ हे नाव मिळाले. एबी हा चौथा, संख्येने लहान गट 1902 साली त्याच्या सहकाऱ्यांना सापडला. तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावर काही खुणा असतात, त्यांना प्रतिजन म्हणतात. आणि ज्याच्या पेशींवर एखादी खूण नसते त्याच्या रक्तरसात त्या खुणेविरुद्ध काम करणारे प्रथिन, म्हणजे प्रतिद्रव्य, आढळते. ए गटाच्या रक्तात बी विरोधी, बी गटाच्या रक्तात ए विरोधी आणि ओ गटाच्या रक्तात दोन्ही प्रतिद्रव्ये असतात, तर एबी गटात यांपैकी एकही नसते. समूहन हे आजाराचे नव्हे, तर निरोगी शरीरांतील स्वाभाविक भेदाचे चिन्ह आहे, हे या कामाचे मोठे फलित होते. त्यासाठी लांडश्टायनरला 1930 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

या मांडणीत एक गोष्ट पहिल्यापासूनच दडलेली होती. ए, बी आणि एबी हे गट एखादी खूण सापडल्याने ठरतात, तर ओ हा गट काहीच न सापडल्याने ठरतो. ज्या रक्तात ए आणि बी यांच्याविरुद्धची द्रव्ये टाकूनही समूहन होत नाही, ते ओ. हा निष्कर्ष व्यवहारात पुरेसा होता, परंतु तर्काच्या दृष्टीने ओ ही नकारावर उभी असलेली वर्गवारी होती, आणि नकाराच्या वर्गात एकापेक्षा अधिक प्रकारची रक्ते एकत्र राहू शकतात ही शक्यता अर्धे शतक कोणाला फारशी सुचली नाही.

वर्गीकरणाच्या या शोधाचा दवाखान्यातील उपयोग लगेच झाला नाही. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील रूबेन ओटेनबर्ग याने 1907 च्या सुमारास रक्त देण्यापूर्वी रुग्णाचा रक्तरस आणि दात्याच्या पेशी मिसळून पाहण्याची पद्धत सुरू केली. तीच आजच्या क्रॉसमॅचची सुरुवात. ओ गटाच्या पेशींवर ए आणि बी यांपैकी कोणतीच खूण नसल्याने त्या कोणत्याही रुग्णाला चालतात, ही गोष्टही त्याने ओळखली आणि त्यातून ‘सार्वत्रिक दाता’ ही कल्पना रूढ झाली. 1914 आणि 1915 मध्ये सोडियम सायट्रेट घालून रक्त गोठण्यापासून थांबवता येते हे सिद्ध झाले, त्यामुळे दाता आणि रुग्ण शेजारी झोपवण्याची गरज संपली आणि बाटलीत साठवलेले रक्त ही वस्तू अस्तित्वात आली. दोन महायुद्धांनी या वस्तूची मागणी वाढवली आणि रक्तपेढी ही संस्था जन्माला घातली.

त्याच काळात रक्तगटांचा दुसरा, मानववंशशास्त्रीय उपयोग सुरू झाला. पहिल्या महायुद्धात मॅसिडोनियाच्या आघाडीवर, सालोनिका येथे, अनेक देशांचे सैनिक एकत्र आले होते. तेथे लुडविक आणि हान्ना हिर्झफेल्ड या दांपत्याने आठ हजारांहून अधिक लोकांचे रक्तगट तपासले आणि 1919 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत भारतीय सैनिकांचाही समावेश होता आणि त्यांच्यात बी गटाचे प्रमाण युरोपीयांपेक्षा पुष्कळ जास्त आढळले. रक्तगट आनुवंशिक असतात हे त्याआधी 1910 साली सिद्ध झाले होते. 1924 साली फेलिक्स बर्नस्टाइन या गणितज्ञाने ए, बी आणि ओ ही एकाच जनुकाची तीन रूपे आहेत असे दाखवले. यातून न्यायालयांना सोयीचा नियमही मिळाला: ओ गटाच्या व्यक्तीला एबी गटाचे मूल होऊ शकत नाही. या नियमाला अपवाद असू शकेल असे तेव्हा वाटत नव्हते.

मुंबईत रक्तगटांचा अभ्यास स्वातंत्र्याच्या सुमारास बराच पुढे गेला होता. एल. डी. संघवी आणि व. रा. खानोलकर यांनी मुंबईतील सहा अंतर्विवाही, म्हणजे आपापसांतच लग्नसंबंध करणाऱ्या, समाजांच्या रक्तगटांसह सात आनुवंशिक लक्षणांचा अभ्यास करून त्याचे निष्कर्ष 1950 साली प्रसिद्ध केले. परळ येथील सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेले के. ई. एम. रुग्णालय 1926 साली सुरू झाले होते. तेथील अध्यापक भारतीयच असावेत अशी देणगीदारांची अट होती, आणि त्यामुळे संशोधनाची दिशा ठरवण्याचे काम प्रथमपासून येथील डॉक्टरांकडेच होते. रुग्णालयाच्या भोवती गिरणगाव होते आणि रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या भागांतून कामासाठी आलेली मोठी वस्ती त्याच्यावर अवलंबून होती. अपघात, मारामाऱ्या आणि बाळंतपणे यांमुळे रक्ताची गरज सतत पडत असे आणि रक्त देण्यापूर्वी क्रॉसमॅच करण्याची शिस्त तेथे रुजलेली होती.

या शिस्तीतूनच विसंगती पुढे आली. काही व्यक्तींचे रक्त गट-तपासणीत ओ म्हणून नोंदवले जाई, कारण त्यांच्या पेशींवर ए नव्हता आणि बी नव्हता. उलट बाजूनेही, म्हणजे त्यांचा रक्तरस ए आणि बी गटांच्या ज्ञात पेशींशी मिसळल्यावर, ओ गटाप्रमाणेच दोन्ही ठिकाणी समूहन होई. वर्गीकरणाच्या दोन्ही तपासण्या एकमुखाने ओ सांगत होत्या. परंतु ओ गटाच्या दात्याचे रक्त क्रॉसमॅचला लावले की रुग्णाचा रक्तरस त्या पेशींचेही समूहन करी. सार्वत्रिक दाता मानला गेलेला ओ या रक्ताला चालत नव्हता. त्याला चालणारे रक्त केवळ अशाच दुसऱ्या व्यक्तीचे होते. विकृतिविज्ञानाचे अध्यापक य. म. भेंडे यांनी सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया यांच्यासह या विसंगतीचा पाठपुरावा केला. तपासणीतील चूक समजून हे रक्त बाजूला न ठेवता त्यांनी त्याचा अभ्यास लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधील संशोधकांच्या सहकार्याने केला. तेथे रॉबर्ट रेस आणि रूथ सँगर हे रक्तगटांचे त्या काळचे सर्वांत जाणते अभ्यासक होते, तर वॉल्टर मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स हे रक्तगटांच्या रसायनशास्त्रावर काम करत होते. या सात जणांच्या नावाने ‘लॅन्सेट’च्या 3 मे 1952 च्या अंकात एबीओ पद्धतीशी संबंधित एका ‘नव्या’ रक्तगट-लक्षणावरचा लेख प्रसिद्ध झाला.

या रक्तात काय नव्हते याचे उत्तर ‘एच’ या प्रतिजनात सापडले. एच ही ए आणि बी या दोन्ही खुणांची पूर्वावस्था आहे. तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावरील शर्करांच्या साखळीच्या टोकाला फ्यूकोज नावाची शर्करा जोडली गेली की एच तयार होतो. त्यापुढे ए जनुकाचे विकर आणखी एक शर्करा जोडते तेव्हा ए, आणि बी जनुकाचे विकर दुसरी शर्करा जोडते तेव्हा बी तयार होतो. विकर म्हणजे शरीरातील रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन. ओ गटाच्या व्यक्तीत ही पुढची जोडणी होत नाही, म्हणून तिच्या पेशींवर एच भरपूर प्रमाणात उघडा राहतो. अर्थात ओ गटाच्या रक्ताला ‘काहीच नाही’ असे म्हणणे चुकीचे होते. त्यात एच होता, फक्त तो शोधला जात नव्हता. बॉम्बे रक्तगटाच्या व्यक्तीत पहिली पायरीच घडत नाही. पायाच घातला नसेल तर वरचे मजले चढत नाहीत, तसे अशा व्यक्तीकडे ए किंवा बी जनुक असले तरी ते पेशींवर प्रकट होत नाही. तिच्या रक्तरसात ए विरोधी आणि बी विरोधी प्रतिद्रव्यांबरोबर एच विरोधी प्रतिद्रव्यही असते आणि ते शरीराच्या तापमानाला पूर्ण क्षमतेने काम करते. म्हणूनच अशा व्यक्तीला ओ गटाचे रक्त दिल्यास दिलेल्या पेशी फुटतात आणि जीव धोक्यात येतो.

दडलेल्या जनुकाचा पुरावा 1955 साली अमेरिकेतून आला. फिलिप लेव्हिन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अशा एका कुटुंबाचा अभ्यास केला, ज्यातील आईचे रक्त वरकरणी ओ होते, वडिलांकडे बी नव्हता, आणि तरीही मुलीत बी दिसत होता. हा बी आईकडूनच आलेला होता. आईच्या शरीरात एच नसल्याने तो प्रकट झाला नव्हता, मुलीला वडिलांकडून एचचे कार्यक्षम जनुक मिळाल्याने तो दिसू लागला. मुंबईच्या शोधाची आठवण म्हणून या अवस्थेला ‘बॉम्बे’ हे नाव लेव्हिनच्याच लेखातून रूढ झाले. ओ गटाच्या आईला एबी गटाचे मूल होऊ शकत नाही, या नियमावर विसंबून कोणाच्या चारित्र्याविषयी वा पितृत्वाविषयी निष्कर्ष काढणे किती धोक्याचे आहे, हेही त्या लेखाने दाखवले.

एच शोधण्याचे साधन वनस्पतींच्या बियांतून आले. काही बियांच्या अर्कात विशिष्ट शर्करांना चिकटणारी प्रथिने असतात. त्यांना लेक्टिन म्हणतात. फिनलंडमधील रेन्कोनेन याने 1948 साली अनेक बियांचे अर्क तपासून काहींमुळे विशिष्ट रक्तगटांच्या पेशींचे समूहन होते असे दाखवले. पुढे युलेक्स युरोपियस या काटेरी, पिवळ्या फुलांच्या युरोपीय झुडपाच्या बियांचा अर्क एच ओळखण्यासाठी सर्वत्र वापरला जाऊ लागला. ओ गटाच्या पेशींत हा अर्क टाकला की ठळक समूहन होते, बॉम्बे गटाच्या पेशींत ते होत नाही. जी गोष्ट आधी क्रॉसमॅचच्या अपयशावरून ओळखावी लागे, तिच्यासाठी आता थेट चाचणी उपलब्ध झाली.

मुंबईत या कामाला संस्थेचे रूपही मिळाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 1957 साली येथे रक्तगट संदर्भ केंद्र स्थापन केले. आज ती संस्था राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था म्हणून के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारातच काम करते. भाटिया यांनी तेथे हे काम पुढे नेले. 1973 साली तेथील संशोधकांनी भारतीयांत आढळणारा आणखी एक नवा प्रतिजन नोंदवला आणि त्यावरून आंतरराष्ट्रीय यादीत ‘इंडियन’ नावाची स्वतंत्र रक्तगट-पद्धती दाखल झाली. भाटिया आणि साठे यांनी 1974 साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत मुंबईत बॉम्बे रक्तगटाचे प्रमाण सुमारे 7,600 व्यक्तींमागे एक असे आढळले; युरोपात ते दहा लाखांत एकाच्या आसपास मानले जाते. भारतात नोंदवलेल्या व्यक्तींत महाराष्ट्रातील लोक सर्वाधिक असून त्याखालोखाल कर्नाटक, आंध्र आणि गोवा हे प्रदेश येतात. मात्र या क्रमवारीचा अर्थ लावताना सावध राहिले पाहिजे, कारण जेथे कसोशीने तपासणारी प्रयोगशाळा असते तेथे दुर्मिळ अवस्था अधिक सापडते, आणि या अवस्थेची प्रयोगशाळा पहिल्यापासून परळला होती.

तरीही प्रमाणातील फरक केवळ तपासणीमुळे पडलेला नाही. बॉम्बे रक्तगट अप्रभावी पद्धतीने उतरतो, म्हणजे आई आणि वडील या दोघांकडूनही सदोष जनुक मिळाले तरच तो प्रकट होतो. एकाकडूनच मिळाले तर व्यक्ती वाहक राहते आणि तिचा रक्तगट नेहमीसारखा दिसतो. दक्षिण महाराष्ट्रापासून आंध्रपर्यंत अनेक समाजांत आते-मामे भावंडांची लग्ने होत आली आहेत आणि जातीअंतर्गत विवाह तर सर्वत्र होते. अशा विवाहांत एकाच पूर्वजाकडून आलेली जनुकाची दोन सदोष रूपे एकत्र येण्याची शक्यता वाढते. एचचे विकर तयार करणारे जनुक 1990 साली वेगळे करण्यात आले. त्यानंतरच्या अभ्यासांत भारतीय बॉम्बे व्यक्तींमध्ये या जनुकात एकच ठराविक बदल आढळला आणि त्याला लागून असलेले, लाळेसारख्या स्रावांत एच तयार करणारे दुसरे जनुक गळालेले दिसले. हिंदी महासागरातील रियुनियन बेटावर मळ्यांच्या कामासाठी नेलेल्या भारतीयांच्या वंशजांतही हाच बदल सापडला, तर त्याच बेटावरील युरोपीय वंशाच्या कुटुंबांत एचच्या अभावामागे निराळा बदल होता.

बॉम्बे रक्तगट हा आजार नव्हे. त्या व्यक्ती निरोगी असतात आणि रक्ताची गरज पडेपर्यंत त्यांना आपले वेगळेपण कळतही नाही. परंतु हीच खूण एका गंभीर दुर्मिळ आजाराच्या निदानालाही उपयोगी पडली. इस्रायलमधील आमोस एट्झिओनी यांनी 1992 साली अशा मुलांचे वर्णन केले, ज्यांना वारंवार जंतुसंसर्ग होत, पांढऱ्या पेशी रक्तात प्रचंड वाढलेल्या असत, तरी त्या संसर्गाच्या जागी पोहोचत नसल्याने पू धरत नसे. मुलांची वाढ आणि बुद्धीचा विकासही खुंटलेला होता. या मुलांचा रक्तगट बॉम्बे होता. पांढऱ्या पेशींना रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटण्यासाठी जी शर्करा लागते, तीही फ्यूकोजयुक्तच असते. शरीराला फ्यूकोज वापरता येत नसल्याने रक्तगट आणि प्रतिकारशक्ती यांचे दोष एकाच मुळातून आलेले आहेत, हा धागा रक्तगटानेच हाती दिला.

आजच्या रक्तपेढ्यांत पेशी आणि रक्तरस दोन्ही बाजूंनी गट तपासणे आवश्यक असते आणि रुग्णाच्या रक्तरसातील अनपेक्षित प्रतिद्रव्ये शोधण्यासाठी ओ गटाच्या पेशी वापरल्या जातात, त्यामुळे बॉम्बे रक्तगट तेथे सहसा निसटत नाही. तो निसटतो शिबिरांत, लहान प्रयोगशाळांत आणि ओळखपत्रांवर, जेथे काचपट्टीवर दोन थेंब टाकून ओ लिहून टाकले जाते. साठवलेले रक्त साधारणपणे पाच ते सहा आठवडेच टिकते, म्हणून अशा रुग्णासाठी आयत्या वेळी दाता शोधावा लागतो किंवा अतिशीत तापमानाला गोठवून ठेवलेल्या मोजक्या पिशव्यांवर विसंबावे लागते.

या इतिहासाचा निष्कर्ष असा की वर्गीकरणाची चाचणी तिला आधीपासून ठाऊक असलेल्या प्रश्नांचीच उत्तरे देते, तर जुळणीची चाचणी ठाऊक नसलेल्या गोष्टींनाही वाट मोकळी ठेवते; बॉम्बे रक्तगट कोणत्याही नव्या यंत्राने नव्हे, तर त्या वाटेवर आलेली विसंगती गांभीर्याने घेतल्यामुळे सापडला. कार्डावरचे ओ हे अक्षर ए आणि बी सापडले नाहीत एवढेच सांगते. म्हणून ज्याच्या घरात बॉम्बे रक्तगटाची एक व्यक्ती सापडली असेल, त्याने त्या व्यक्तीच्या सर्व सख्ख्या भावंडांची एच तपासणी करून घ्यावी, कारण आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक भावंडाचा रक्तगट तोच असण्याची शक्यता चारांत एक असते आणि गरजेच्या वेळी सर्वांत जवळचा दाता बहुधा त्याच घरात असतो.